टाकीवरची साय आणि ट्रकचं अधांतरी चाक

प्रश्न थोडक्यात असा: आजवर १/७२ प्रमाणातली, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढी, प्लॅस्टिक किटची विमानं बांधली, आता टामिया कंपनीची १/१२ ची मोटरसायकल आणि इटालेरी कंपनीचा १/२४ चा ट्रक हातात घेतला. जुलैत टाकीवर मारलेला काळा रंग पांढरट झाला. डिकलखाली (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चित्राखाली) चंदेरी चट्टे दिसतात. क्रोमच्या सायलेन्सरवर साच्याची रेघ तशीच आहे. ट्रकचं एक चाक टेबलाला टेकत नाही. आणि हे निस्तरलं की ट्रक आपल्या हायवेवरच्या मालट्रकसारखा करायचा आहे.

टाकीचा पांढरेपणा हा हवेचा दोष. बाकी सगळ्याचं मूळ एकच आहे: किटमधल्या कागदाने सांगितलेल्या क्रमाने काम झालं. तो क्रम जोडणीचा असतो. कुठला भाग कशात बसतो एवढंच तो सांगतो; रेघ कधी घासायची, रंग कधी मारायचा, डिकल कशावर बसवायचं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. विमानात हे खपून जातं, कारण कॉकपिट सोडलं तर विमान म्हणजे एकसंध कवच. सगळं जोडून मग रंगवता येतं. मोटरसायकलला कवचच नाही. इंजिन, चासी, पाइप, वायरी सगळं उघड्यावर, आणि प्रत्येकाचा रंग आणि पोत वेगळा. ट्रक या दोघांच्या मधला: केबिन विमानासारखी, चासी मोटरसायकलसारखी.

म्हणून पहिली संध्याकाळ गोंदाला हात न लावता घालवा. कागदावर पेन्सिलने रंगांच्या खुणा करा, आणि एकाच रंगाचे जे भाग रंगाआधी जोडता येतील त्यांचे गट पाडा. मोटरसायकलचे साधारण सहा गट होतात: इंजिन, चासी, पुढचा फोर्क, मागचा स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा), टाकी आणि फेअरिंग (बाहेरचं आवरण), सायलेन्सर. चाकं वेगळी. ट्रकचे गट: चासी आणि अ‍ॅक्सल, इंजिन, केबिनचं कवच, केबिनच्या आतलं सामान, चाकं, चकचकीत भाग. मग बघा की रंगवलेलं इंजिन रंगवलेल्या चासीत शिरतं का. काही किटांत चासीचे डावे-उजवे भाग इंजिनाला मध्ये धरूनच मिटतात. तिथे चासीचा जोड मागाहून घासता येत नाही, हे आधी कळलेलं बरं.

टामियाच्या १/१२ किटांत बरेच जोड बारीक स्क्रूने असतात. रंगाआधी प्रत्येक स्क्रू एकदा पूर्ण पिळून बाहेर काढा, म्हणजे प्लॅस्टिकमध्ये आटे पडतात. रंगानंतर पहिल्यांदा पिळला तर जोर लागतो, रंग तडकतो, कधी भोकाचा काठच फाटतो. स्क्रूड्रायव्हरचं टोक खाचेत घट्ट बसणारं हवं. सैल टोकाने खाच एकदा गेली की तो स्क्रू काढताना चासी मोडते.

आता टाकी. टाकीवर सगळ्यांची नजर आधी जाते, म्हणून इथे वेळ घालवायला कंजुषी नको. दोन अर्ध्या भागांचा जोड अगदी वरून, मधोमध जातो. टामियाच्या हिरव्या टोपणाच्या पातळ सिमेंटने, म्हणजे प्लॅस्टिक वितळवून जोडणाऱ्या गोंदाने, जोड भिजवा आणि वितळलेलं प्लॅस्टिक मण्यासारखं बाहेर येईपर्यंत दाबा. मग दोन दिवस हात लावू नका. दुसऱ्याच दिवशी घासलेला जोड तेव्हा सपाट वाटतो, पण आतला द्राव उडत राहतो आणि आठवड्याभरात तिथे बारीक खाच बसते. चकाकीच्या रंगाखाली ती हमखास दिसते. ४००, ६०० आणि १००० च्या पॉलिश पेपरने पाणी लावून घासा. जाड प्लॅस्टिकच्या जागी, म्हणजे आतून खुंटी असते तिथे, वर खळगा पडलेला असतो. तो फेविक्विकसारख्या गोंदाने भरायचा आणि तासाभरात घासायचा. रात्रभर ठेवलात तर गोंद प्लॅस्टिकपेक्षा कडक होतो. मग भोवतालचं प्लॅस्टिक झिजतं आणि गोंदाचा उंचवटा राहतो.

किटचं प्लॅस्टिक लाल असेल आणि टाकी पांढरी किंवा पिवळी करायची असेल तर एक धोका आहे. लाल रंगद्रव्य लॅकरमध्ये (तिखट थिनरच्या, झपाट्याने वाळणाऱ्या रंगात) विरघळून वर येतं आणि पांढऱ्यावर गुलाबी झाक चढते. राखाडी प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) त्याला अडवेलच असं नाही. प्रायमरवर चंदेरी लॅकरचा एक पूर्ण थर द्या, त्यावर पांढरा प्रायमर, मग रंग.

पांढऱ्या सायीचं कारण सोपं आहे. लॅकरचा थिनर झपाट्याने उडतो, उडताना पृष्ठभाग गार करतो. हवेत दमटपणा ८०-९० टक्के असेल तर त्या गार पृष्ठभागावर दव पडतं आणि ओल्या रंगात अडकतं. काळ्यावर ते सायीसारखं दिसतं. मुंबई, कोकण, गोवा इथे जून ते सप्टेंबर हे रोजचंच. साधा आर्द्रतामापक काहीशे रुपयांत मिळतो, तो घ्या. ६५ टक्क्यांच्या खाली असेल तरच चकाकीचा रंग मारा. एसी तासभर चालवून दमटपणा खाली आणता येतो. पण फवारताना एसी बंद ठेवा, नाहीतर वाफ खोलीतच फिरत राहते. थिनरमध्ये दहा टक्के रिटार्डर घाला, म्हणजे तो सावकाश उडेल. रंग फवारणाऱ्या एअरब्रशला हवा पुरवणाऱ्या कंप्रेसरच्या नळीत पाणी धरणारा फिल्टर हवाच, आणि टाकी असलेला कंप्रेसर असेल तर रोज काम संपल्यावर तळाचा नळ उघडून पाणी सोडा. पावसाळ्यात बाहेर पडणारं पाणी बघून फिल्टरचे पैसे वसूल वाटतात.

साय आलीच असेल तर घासून काढायची घाई करू नका. कोरड्या दिवशी रिटार्डर मिसळलेला नुसता थिनर लांबून, अगदी हलका, फवारा. वरचा थर किंचित मऊ होतो, पाणी उडतं, काळा परत येतो. दोन हात पुरतात. तिसऱ्या हाताला रंग ओघळायला लागतो.

रंगाचं वेळापत्रक असं ठेवा. प्रायमर १००० किंवा १५०० क्रमांकाचा, एका भागाला दीड भाग थिनर. वाळला की १५०० च्या पेपरने हलकेच घासा. रंग लॅकर असेल तर एका भागाला दीड ते दोन भाग थिनर, एअरब्रशची नोझल ०.३ मिमीची, हवेचा दाब १५ ते २० पीएसआय. पहिले दोन हात धुक्यासारखे, पंधरा मिनिटांच्या अंतराने. मग दोन ओले हात, ज्यात पृष्ठभाग फवारतानाच चमकला पाहिजे. चमकला नाही तर तुम्ही लांब आहात, किंवा रंग हवेतच वाळतोय. तेव्हाच तो खरखरीत, संत्र्याच्या सालीसारखा होतो. मार्केटात मिळणारा गाड्यांच्या रंगाचा एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर मॉडेलच्या लॅकरपेक्षा कितीतरी तिखट असतो. उघड्या प्लॅस्टिकवर तो पडला की पृष्ठभाग सुरकुततो. हात आणि ब्रश धुवायला ठेवा.

कुठला रंग कशावर, हा नियम एकदा पाठ केला की पुष्कळ वाचतं. खाली लॅकर, त्यावर टामियाचे एक्स आणि एक्सएफ क्रमांकांचे अ‍ॅक्रिलिक, सर्वात वर इनॅमलचे वॉश (खाचांत उतरणारे अगदी पातळ रंग). उलट केलं, म्हणजे अ‍ॅक्रिलिकवर ओलं लॅकर मारलं, तर खालचा थर चिरफळतो. इनॅमल वॉशचा आणखी एक छुपा त्रास: त्याचा थिनर उघड्या, ताणाखालच्या प्लॅस्टिकमध्ये शिरला की ते तडकतं. स्क्रू पिळलेली जागा, घट्ट बसवलेला आस, स्विंगआर्मचा सांधा या ठिकाणी रंगाचं आवरण नसेल तर वॉश भरभरून ओतू नका. दुसऱ्या दिवशी चाक निखळलेलं सापडतं.

डिकलखालचे चंदेरी चट्टे म्हणजे अडकलेली हवा. मॅट किंवा खरखरीत रंगावर डिकल टेकतं ते टोकांवर. खळग्यांत हवा राहते आणि प्रकाश परतवते. म्हणून रंगावर आधी चकाकीचा पातळ थर, मग डिकल. टाकीचा आकार दोन दिशांनी वळतो, त्यामुळे सपाट डिकलला घड्या पडतातच. कोमट पाण्यात वीस सेकंद, कागदावर मिनिटभर, मग जागेवर सरकवा. मधून बाहेर कापसाच्या काडीने पाणी दाबून काढा. त्यानंतर डिकल मऊ करणारं द्रावण लावा आणि हात बांधून बसा. ते सुरुवातीला सुरकुततं, बघवत नाही, पण वाळताना आपोआप बसतं. त्या अवस्थेत बोट लावलं तर फाटतं. उरलेल्या घडीला धारदार पात्याने चीर देऊन पुन्हा द्रावण. आधीच बसलेल्या चट्ट्यांसाठी हाच उपाय: सुईच्या टोकाने दहा-बारा छिद्रं, वर द्रावण, आणि दोन-तीन वेळा तेच.

डिकल पूर्ण दोन दिवस वाळू द्या, मग क्लिअर, म्हणजे बिनरंगाचा चकाकीचा थर. लॅकर क्लिअरचे पहिले दोन हात इतके कोरडे की जवळजवळ धूळ वाटावी; थेट ओला हात दिला तर द्राव डिकल कुरतडतो. मग दोन-तीन ओले हात. आठवडाभर धूळ न लागेल अशा डब्यात. त्यानंतर २०००, ३००० च्या पेपरने पाण्यात घासणं आणि पॉलिशिंग कंपाउंड: आधी जाड, मग बारीक, शेवटी फिनिश. टाकीच्या कडा आणि फेअरिंगच्या धारा पेपरने घासूच नका, कारण रंग तिथे आपसूकच पातळ बसतो आणि दोन फटक्यांत प्लॅस्टिक दिसतं. त्या ठिकाणी नुसतं कंपाउंड. गाड्यांचा टू-के (हार्डनर मिसळून मारायचा) क्लिअर काचेसारखा दिसतो हे खरं, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. घरातल्या खोलीत आणि साध्या मास्कवर तो फवारू नये, या मताला अपवाद नाही. लॅकरलाही सेंद्रिय वाफेचा कार्ट्रिज मास्क आणि बाहेर फेकणारा पंखा लागतोच.

क्रोमकडे वळू. किटमधलं क्रोम म्हणजे लॅकरच्या थरावर निर्वातात चढवलेला अ‍ॅल्युमिनियमचा अतिशय पातळ मुलामा. त्याखाली साच्याची रेघ आणि स्प्रूवरून (भाग ज्याला लागून येतात त्या चौकटीवरून) तोडल्याच्या खुणा जशाच्या तशा असतात. कपड्यांचं ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, प्लॅस्टिकच्या डब्यात घेऊन भाग बुडवले की दहा मिनिटांपासून तासाभरात मुलामा निघून जातो. ते ब्लीच संडास साफ करायच्या आम्लाजवळ नेऊ नका, विषारी क्लोरीन सुटतो. खालचा पिवळसर लॅकरचा थर उरतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो निघाला तर उत्तम, नाही तर घासून प्रायमर. गोंद लावताना मात्र जोडाच्या जागी क्रोम असो की रंग, खरवडून प्लॅस्टिक उघडं करा. सिमेंट प्लॅस्टिक वितळवून धरतं. मुलाम्याला ते धरत नाही.

पुन्हा क्रोम करायचं असेल तर खाली चकचकीत काळा, आणि तो आरशासारखा व पूर्ण कडक. त्यावर अल्क्लॅडसारखं क्रोम लॅकर १२ ते १५ पीएसआयने, जेमतेम दिसेल इतकं. जास्त मारलं की तो नुसता चंदेरी रंग होतो. वर क्लिअर मारलं की राखाडी पडतो, म्हणून हे भाग सगळ्यात शेवटी बसवा आणि हातमोजे घालून धरा. ट्रकचा बंपर, आरसे, इंधनाची टाकी यांच्यावर रेघ समोरून दिसत नसेल तर किटचं क्रोम तसंच राहू द्या. सगळं सोलून पुन्हा करण्यात मोठेपणा नाही.

आणि मोटरसायकलचा सायलेन्सर मुळात क्रोमचा असतोच असं नाही. आजच्या स्पोर्ट बाइकचे पाइप स्टेनलेस किंवा टायटॅनियमचे, उष्णतेने रंग बदललेले. हा रंगबदल उलटा रंगवलेला फार दिसतो. इंजिनाच्या तोंडाशी पाइप सर्वात तापतो, तिथे निळा. त्यापुढे जांभळा, मग तपकिरी, आणि शेवटी गवताचा फिका सोनेरी होत धातूचा मूळ रंग. मेटॅलिक पायावर टामियाचे पारदर्शक रंग भरपूर पातळ करून याच्या उलट क्रमाने मारा: आधी लांबपर्यंत एक्स-२४ पिवळा, त्यावर थोडा एक्स-२६ नारिंगी, मग एक्स-२३ निळा आणि एक्स-२७ लाल मिसळून जांभळा, शेवटी तोंडाशी नुसता निळा. पट्टे दिसले तर चुकलं. वेल्डच्या जोडावर रंग जरासा गडद, बस्स.

इंजिनाला एकच चंदेरी मारू नका. खऱ्या इंजिनात ओतीव अ‍ॅल्युमिनियम मॅट असतं, कव्हरं चमकतात, नट काळपट. एक्सएफ-१६ (मॅट अ‍ॅल्युमिनियम), एक्स-११ (क्रोम चंदेरी) आणि एक्सएफ-५६ (मेटॅलिक राखाडी) एवढ्या तिघांवर निम्मं इंजिन भागतं. वर पातळ काळा वॉश, की इंजिन गार करणाऱ्या पात्यांमधल्या खाचा उठून दिसतात. चेन एक्सएफ-५६, वर काळा वॉश, कडांवर कोरड्या ब्रशने चंदेरी.

वायरी आणि नळ्या बदलताना माप काढा, डोळ्याने अंदाज करू नका. प्लगची वायर खऱ्यात ७ मिमी, १/१२ ला ती ०.६. ब्रेकची नळी १० मिमी, म्हणजे ०.८. चाकाचा आरा साधारण ४ मिमी, म्हणजे ०.३३, किटमधले प्लॅस्टिकचे आरे याच्या दुप्पट जाड असतात. आऱ्यांच्या चाकाची मोटरसायकल असेल आणि एकच गोष्ट बदलायची असेल, तर आरे बदला. ०.३ मिमीची स्टीलची तार, रिम आणि हब योग्य अंतरावर धरून ठेवणारा लाकडी साचा, आणि जुने आरे कापण्याआधी काढलेला फोटो. एका बाजूचे सगळे आरे होईपर्यंत हब साच्यातून हलवायचा नाही. हलला की चाक डुगडुगतं आणि मग ते सरळ होत नाही. तांब्याची तार मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात ०.२ पासून सगळ्या जाडीत वजनावर मिळते, आयात सामानाच्या दहाव्या भागात. टायरच्या मधोमध साच्याची रेघ असते. टायर तासभर फ्रीजरमध्ये ठेवून ३२० च्या पेपरवर फिरवला की रबर ताठ राहून नीट घासलं जातं, आणि रस्त्यावर चाललेल्या टायरचा मॅटपणाही येतो.

ट्रकचं अधांतरी चाक. चासीच्या लांब पट्ट्या साच्यातून किंचित पिळवटून येतात. त्या हवेत धरून आडव्या पट्ट्या चिकटवल्या की पीळ कायमचा होतो. नव्याने करताना जाड काचेवर करा. आधी सगळं कोरडं जुळवून रबरबँडने बांधा, चारही कोपऱ्यांचे कर्ण मोजा. फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत आला की पातळ सिमेंट जोडांवर टेकवा, वर वजन ठेवा, रात्रभर सोडा. पट्टी आधीच वाकडी असेल तर ६०-७० अंशांच्या गरम पाण्यात मिनिटभर बुडवून काचेवर दाबून धरा. उकळतं पाणी नको, पट्टी लोळागोळा होते. अ‍ॅक्सल चिकटवताना चाकं तात्पुरती लावूनच चिकटवा: चासी काचेवर, सगळी चाकं टेकलेली, मग पाट्यांना (अ‍ॅक्सल धरणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्यांना) गोंद.

तुमचा ट्रक जोडून झालाय, तेव्हा आधी दोषी चाक शोधा. प्रत्येक चाकाखाली कागद सरकवा. जे उचललेलं आहे तेच दोषी असं नसतं. बरेचदा तिरक्या समोरचं चाक एक केस खाली असतं आणि हे बिचारं वर राहतं. ज्या बाजूला पाटा आणि अ‍ॅक्सलचा जोड आहे तिथे पातळ करवतीच्या पात्याने जोड सोडवा, ०.२५ मिमी प्लॅस्टिकची पट्टी घाला, काचेवर टेकवून पुन्हा चिकटवा. टायर घासून चाक टेकवू नका, ते लांबूनही लंगडं दिसतं.

केबिन बऱ्याच युरोपीय किटांत अखंड नसते. बाजू, पाठ, छप्पर वेगळं येतं आणि कोपऱ्यांत फटी पडतात. आधी बाजू आणि पाठ काटकोनी ठोकळ्याला टेकवून जोडा, मग छप्पर बसेल तिथे बसवा. छपरापासून सुरुवात केली तर सगळी फट पुढच्या काचेच्या खांबात जमा होते, जिथे पुट्टी भरायलाही जागा नसते. काचा रंगानंतर, आतून, पांढऱ्या फेविकॉलसारख्या गोंदाने. फेविक्विकची वाफ पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढरी बुरशी चढवते, आणि ती काचेच्या आतल्या बाजूला असते.

आणखी एक गोष्ट कागद सांगत नाही. मऊ व्हिनाइल टायरमधलं तेलकट रसायन वर्षानुवर्षं झिरपतं आणि पॉलिस्टायरीनच्या रिमला वितळवतं. शोकेसमधल्या जुन्या ट्रकची चाकं रिमसकट चिकटून बसतात ती यामुळे. रिमच्या टायर बसणाऱ्या भागावर अ‍ॅल्युमिनियमच्या चिकटपट्टीचा एक वेढा द्या.

ट्रॅक्टर (पुढचा ओढणारा ट्रक) आणि ट्रेलरच्या मधल्या गुंडाळीच्या हवेच्या नळ्या युरोपीय ट्रकवर लाल आणि पिवळ्या, अमेरिकन ट्रकवर लाल आणि निळ्या. ०.५ मिमीची तार २ मिमीच्या ड्रिलवर गुंडाळून, काढून थोडी ताणली की झाल्या.

आता आपला मालट्रक. इटालेरीच्या केबिनवर गोंडे लावून तो होत नाही. तो गोंडे लावलेला युरोपीय ट्रक दिसतो. किटमधून चासी, इंजिन, अ‍ॅक्सल, पाटे घ्या आणि केबिन नव्याने बांधा. यात अवघड काही नाही, कारण आपल्याकडे कित्येक दशकं कंपनी चासी आणि काउल (केबिनच्या पुढचा पत्र्याचा भाग) एवढंच देत आली आणि केबिन व हौदा बॉडीवाला लाकूड-पत्र्यात बांधत आला. सपाट पत्रे, सरळ रेघा, प्रत्येकाची ठेवण वेगळी: प्लॅस्टिकच्या शीटला यासारखा विषय नाही. बॉनेटचा जुना टाटा करायचा असेल तर १९५४ ते १९६९ हा डायमलर-बेंझच्या सहकार्याचा काळ आहे, आणि त्या काळच्या जर्मन मर्सिडीजची छायाचित्रं बॉनेट व काउलसाठी कामी येतात.

मापं १/२४ ला अशी येतात. दोन अ‍ॅक्सलच्या ट्रकचा व्हीलबेस ४.२ मीटर धरला तर १७५ मिमी. चासीची रुंदी सुमारे ३६ मिमी. हौद्याची रुंदी अडीच मीटर, म्हणजे १०४. १०.००-२० चा टायर बाहेरून ४४ मिमी. युरोपीय किटची चासी बहुतेक लांब किंवा आखूड करावी लागते. सांधा सरळ न कापता पायरीसारखा कापा आणि आतून पट्टी लावा, नाहीतर मालाच्या हौद्याखाली तिथेच वाकते. केबिनसाठी १ मिमी हिप्स (हाय इम्पॅक्ट पॉलिस्टायरीन) शीट घ्या. सनबोर्ड स्वस्त पडतो, पण तो पीव्हीसीचा फोम आहे. मॉडेलचं सिमेंट त्याला धरत नाही आणि त्याच्या कडा कधीच गुळगुळीत होत नाहीत. स्टिअरिंग डावीकडून उजवीकडे आणताना डॅशबोर्डबरोबर वायपरचा झोकही उलटा करायचा असतो, हे विसरलेलं फार दिसतं.

हौदा लाकडाचाच करा. कॉफी ढवळायच्या लाकडी काड्या ५-६ मिमी रुंद आणि सव्वा मिलिमीटर जाड असतात, म्हणजे प्रमाणात जवळपास खऱ्या फळ्याच. आइस्क्रीमच्या काड्या फार जाड. फळ्यांवर लोखंडी पट्ट्या ०.२५ च्या प्लॅस्टिकच्या, बोल्टची डोकी वेगळी. मागचा फाळका बिजागऱ्यांवर, साखळीसकट. ताडपत्री टिश्यू पेपरची: पाण्यात पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये भिजवून हौद्यावर पसरायची, ओली असतानाच दोरीचे दाब द्यायचे.

लिखाणाला डिकल कागद वापरायचा तर घरचा प्रिंटर पांढरा छापत नाही, हे धरून चला. गडद पायावर पांढऱ्या कागदाचं डिकल लागतं आणि ते अक्षराच्या कडेने कापावं लागतं. त्यापेक्षा नंबरप्लेट आणि रेडियम करणाऱ्या दुकानातून स्टेन्सिल कापून घ्या. दीड वितीचं खरं अक्षर १/२४ ला साधारण १४ मिमी होतं, तेवढं प्लॉटरवर सहज निघतं. ४ मिमीखालचं अक्षर सोलताना फाटतं, ते हाताने ००० ब्रशने. काळ सांभाळा. ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये बंदी घातली, तेव्हा एमएच पाटीचा नवा ट्रक असेल तर फाळक्यावर ते नको. नव्वदीतला असेल तर पाहिजेच. नंबरप्लेट पिवळी, अक्षरं काळी. रेडियमच्या पट्ट्या पुढे पांढऱ्या, बाजूला पिवळ्या, मागे लाल. हा क्रम उलटा झालेला ट्रकवाल्या घरातल्या पोराला लगेच दिसतो.

मळवताना धूळ वरून खाली शिंपडू नका. मागच्या चाकांमागे आणि फाळक्याच्या खालच्या निम्म्या भागावर ती सर्वात दाट, केबिनच्या दारावर कंबरेखाली, छपरावर फिकी. डिझेलच्या टाकीच्या झाकणाखाली एकच ओघळ, तो चमकता. दाराच्या मुठीभोवती रंग झिजलेला, हौद्याच्या फळ्या आतून ओरखडलेल्या, बाहेरून रंगीत. लाल माती कोकणातल्या चिऱ्याच्या खाणीवरची असेल तर तिचा रंग विटकरी. सोलापूर-लातूरच्या बाजूचा ट्रक असेल तर काळपट राखाडी. दोन्ही एका ट्रकवर नको. गोंडे रेशमी धाग्याचे, ८ ते १० मिमी, आरशांना आणि टपाच्या दोन टोकांना. बंपरखाली लिंबू-मिरची लटकवायची तर लिंबू एम-सीलचं पावणेदोन मिलिमीटर, मिरच्या ३ मिमी आणि वर हिरवा एक्स-२५, आणि दोरा ०.१ च्या तांब्याच्या तारेचा; कापसाच्या दोऱ्याची लव या प्रमाणात दोरखंडावरच्या काट्यांसारखी दिसते.